दोन नंबरांची एक सुप्रा: आयात आणि इंजिन बदललेल्या गाडीचा चॅसिस नंबर वाचताना

पार्श्वभूमी

वापरलेल्या आयात गाड्यांचे कागद आणि गाडीवर ठोकलेले नंबर एकमेकांशी ताडून पाहणं हे माझं काम. त्यातलं हे एक प्रकरण आहे. खरेदीदार, विक्रेता, गाव, रक्कम आणि नंबरांचे शेवटचे आकडे इथे दिलेले नाहीत. बाकी सगळं घडलं तसं आहे, माझ्या चुकांसह.

खरेदीदार तिशीतला तरुण. टोयोटा सुप्राच्या चौथ्या पिढीवर, म्हणजे १९९३ ते २००२ या काळात बनलेल्या गाडीवर, त्याचा शाळेपासून जीव. बरीच वर्षं पैसे साठवल्यावर त्याला एक जाहिरात दिसली: ‘१९९४ची आरझेड, ट्विन टर्बो, मॅन्युअल, मूळ इंजिन.’ सोबत आठ-दहा फोटो.

जपानी बाजारात या सुप्राच्या दोन मुख्य जाती होत्या. आरझेडमध्ये २जेझेड-जीटीई हे दोन टर्बोंचं इंजिन, जाहीर ताकद २८० पीएस (अश्वशक्ती). एसझेडमध्ये २जेझेड-जीई हे बिनटर्बो इंजिन, २२५ पीएस. दोन्ही इंजिनं २,९९७ सीसीची, सहा सिलिंडर एका रांगेत. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि म्हणूनच एसझेडची आरझेड करून घेण्याचा खटाटोप जगभर चालतो. त्यात गैर काही नाही. तशी गाडी ‘मूळ आरझेड’ म्हणून विकली गेली की भांडण सुरू होतं.

गाडी जपानमध्ये बनली, वापरलेली म्हणून न्यूझीलंडला गेली आणि तिथून पुढे तिसऱ्या देशात आली. विक्रेता हा इथला तिचा दुसरा मालक. हा प्रवास सुरुवातीला आम्हाला माहीत नव्हता. तो आम्ही नंबरांवरून उलगडला.

अडचण

विक्रेत्याने नोंदणीच्या कागदाचा फोटो पाठवला. त्यावर १७ अक्षरांचा नंबर होता, सुरुवात ‘७ए८’ अशी. खरेदीदाराने तो रात्री एका फुकट डीकोडरमध्ये, म्हणजे नंबराचा अर्थ लावून देणाऱ्या संकेतस्थळावर, टाकला. उत्तर आलं: देश न्यूझीलंड, उत्पादक अज्ञात, मॉडेल वर्ष २००३, तपासअंक (नंबर बरोबर लिहिला आहे का ते पडताळणारं अक्षर) अवैध.

चारही उत्तरं जाहिरातीशी विसंगत. या पिढीच्या सुप्राचं उत्पादन २००२ मध्येच थांबलेलं, आणि न्यूझीलंडमध्ये ती कधी बनलीच नाही. त्याने मला त्याच रात्री फोन केला. आवाज पडलेला. “काका, गाडी चोरीची आहे का?”

मी अर्धवट झोपेत म्हणालो, “तपासअंकच चुकतोय तर सोडून दे.” या प्रकरणातली ही पहिली चूक, आणि ती माझी.

सकाळी चहा घेताना ‘७ए८’ डोक्यात घोळत होतं आणि एकदम उलगडा झाला. १७ अक्षरी नंबराची पहिली तीन अक्षरं सहसा उत्पादक सांगतात. ‘जेटी’ने सुरू होणारे टोयोटाचे जपानी कारखाने, ‘डब्ल्यूव्हीडब्ल्यू’ म्हणजे फोक्सवॅगनच्या कार. पण ‘७ए८’ हा कुठल्या कारखान्याचा कोड नाही. १७ अक्षरी नंबर नसलेली वापरलेली गाडी न्यूझीलंडमध्ये आली की तिथली वाहन-यंत्रणा तिला स्वतःकडून एक नंबर देते. तो २००९ पर्यंत ‘७ए८’ने आणि त्यानंतर ‘७एटी’ने सुरू होतो. म्हणजे हा नंबर गाडीच्या जन्माचा नाही. परदेशात गेल्यावर मिळालेल्या ओळखपत्राचा आहे. डीकोडरने त्या ओळखपत्रावरून जन्मस्थळ आणि जन्मवर्ष काढायचा प्रयत्न केला होता.

चोरीचा संशय तिथेच निम्म्याने कमी झाला. पण मूळ प्रश्नाला अजून हातही लागला नव्हता: ही गाडी आरझेड म्हणून जन्मली का?

डीकोडर असा का वाचतो

ही घोटाळ्याची जागा वारंवार समोर येते, म्हणून इथे थोडं थांबतो.

१७ अक्षरांचा साचा आयएसओ ३७७९ या प्रमाणकाचा आहे. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० यांच्यासारखी दिसतात. पहिल्या तीन जागा उत्पादकाच्या, पुढच्या सहा गाडीच्या वर्णनाची, शेवटच्या आठ त्या एका गाडीची. इथपर्यंत सगळे देश बरेचसे एकमताने चालतात. पुढे प्रत्येकाची बोली वेगळी.

अमेरिकेत १९८१च्या मॉडेल वर्षापासून नियम कडक झाले. नववं अक्षर म्हणजे तपासअंक, दहावं म्हणजे मॉडेल वर्ष. वर्षाचा कोड ३० वर्षांनी फिरून येतो. ‘आर’ म्हणजे १९९४ आणि ‘आर’ म्हणजेच २०२४. बहुतेक फुकट डीकोडर हे अमेरिकी व्याकरण पाठ करून बसलेले असतात आणि कुठलाही नंबर त्याच व्याकरणाने वाचतात. युरोपातल्या गाड्यांवर तपासअंक सक्तीचा नाही. फोक्सवॅगनच्या युरोपीय नंबरात चौथ्या ते सहाव्या जागी नुसतं ‘झेडझेडझेड’ असतं, म्हणजे भराव. मर्सिडीजच्या जुन्या युरोपीय नंबरात दहाव्या जागी वर्ष नसतंच. तिथे स्टिअरिंगची बाजू असते, डावीकडे असेल तर १ आणि उजवीकडे असेल तर २. नव्वदीच्या दशकात बनलेली डब्ल्यू १२४ ही मर्सिडीज त्यामुळे डीकोडरमध्ये २००१ची किंवा २००२ची निघते. असे फोन मला नियमित येतात, आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस घाबरलेला असतो.

तपासअंकाबद्दलही एक गैरसमज पक्का बसलेला आहे. प्रत्येक अक्षराला एक मूल्य देतात, त्याला जागेनुसार वजनाने गुणतात, बेरजेला ११ने भागतात आणि उरलेली बाकी नवव्या जागी असावी लागते. बाकी १० आली तर तिथे ‘एक्स’ लिहितात. आता १७ वेळा नुसता १ लिहून पाहा. वजनांची बेरीज ८९ येते, ११ने भागल्यावर बाकी १ उरते आणि नवव्या जागी १च आहे. म्हणजे १७ एक्के हा तपासअंकाच्या कसोटीला उतरणारा ‘वैध’ नंबर झाला. ही कसोटी लिहिताना झालेली चूक पकडण्यासाठी आहे. गाडी खरी की खोटी हे तिच्या आवाक्यातलं नाही. जिथे तो नियमच लागू नाही तिथे ‘अवैध’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

जपानची गोष्ट याहून वेगळी. जपानच्या अंतर्गत बाजारासाठी बनलेल्या गाडीवर १७ अक्षरी नंबर नसतोच. तिथे फ्रेम नंबर, म्हणजे त्यांचा चॅसिस नंबर, असतो: आधी मॉडेलचा कोड, मग आडवी रेघ, मग क्रमांक. या पिढीच्या सुप्रासाठी ‘जेझेडए८०’, रेघ आणि सात आकडे. हा नंबर डीकोडरमध्ये टाकला की तो ‘अक्षरं कमी आहेत’ एवढंच सांगून गप्प बसतो.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याने इंजिनाच्या खोलीतल्या मागच्या पत्र्यावर, म्हणजे फायरवॉलवर, ठोकलेल्या फ्रेम नंबराचा फोटो पाठवला. ‘जेझेडए८०’ स्पष्ट दिसत होतं. सोबत त्याचा निरोप: “जेझेडए८० आहे, म्हणजे टर्बोच.”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा उगम शोधायचं सोडून दिलं. जेझेडए८० हे आरझेडलाही आहे आणि एसझेडलाही. ‘जेझेड’ इंजिनाचं घराणं सांगतं, ‘ए८०’ गाडीचं. टर्बो आहे की नाही हे फ्रेम नंबरात कुठेच लिहिलेलं नसतं.

आता खरेदीदारापुढे चार वाटा होत्या. सोडून द्यायची. इतिहास-अहवाल विकत घ्यायचा. ‘आरझेड असो वा नसो’ म्हणत घासाघीस करून घ्यायची. किंवा थांबून गाडीचं जन्मवर्णन शोधायचं.

दुसरी वाट त्याने मला न विचारताच धरली होती. रात्री घाबरलेल्या अवस्थेत त्याने १७ अक्षरी नंबरावर अहवाल विकत घेतला. अहवालात ‘अपघाताची नोंद नाही’ असं आलं आणि त्याला हायसं वाटलं. तो अहवाल उत्तर अमेरिकेतल्या नोंदींवर बेतलेला होता. ही गाडी त्या खंडात कधी उतरलीच नव्हती, तर तिथे तिच्या अपघाताची नोंद कुठून येणार? ‘नोंद नाही’ आणि ‘अपघात नाही’ यांतलं अंतर त्याला समजावताना मला जरा कठोर बोलावं लागलं.

तिसऱ्या वाटेला मी स्पष्ट विरोध केला. भाव कमी करून घेतला तरी नोंदणी आणि विमा याच वर्णनावर होणार होता. चुकीचं वर्णन माहीत असून कागदावर चढवलं की तो खोटेपणा खरेदीदाराच्या नावावर जमा होतो, आणि पुढे गाडी विकताना तोच विक्रेत्याच्या जागी उभा राहतो.

राहिली शेवटची वाट. विक्रेता उतावीळ नव्हता ही त्यातली जमेची बाजू. त्याने ही गाडी स्वतः आरझेड समजूनच घेतली होती. खोटं बोलण्याचा त्याचा हेतू नव्हता, हे मला पहिल्या दहा मिनिटांच्या बोलण्यात जाणवलं आणि पुढे खरंही ठरलं.

काय केलं

आम्ही दोघं गाडी पाहायला गेलो. जाताना जवळ होतं: प्रखर टॉर्च, छोटा आरसा, पातळ कागद, मऊ पेन्सिल, ओलं फडकं.

आधी ठोकलेला नंबर. इथे नंबर वाचण्याआधी पत्रा वाचायचा असतो. अक्षरांची खोली एकसारखी आहे का, रांग सरळ आहे का, आजूबाजूला वेल्डिंगची किंवा पुट्टीची कड बोटाला लागते का, तेवढ्याच तुकड्याचा रंग वेगळा आहे का. कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली की घासणीचे आणि पुन्हा ठोकल्याचे माग डोळ्यांपेक्षा कागदावर नीट उमटतात. ठसा स्वच्छ आला. ‘७ए८’च्या नंबरातले शेवटचे आकडे आणि फ्रेम नंबरातले शेवटचे आकडे जुळले. दोन्ही नंबर एकाच गाडीचे, याबद्दल माझी खात्री पटली.

मग प्लेट. जपानी टोयोटाच्या इंजिन खोलीत धातूची एक छोटी पट्टी रिव्हेट केलेली असते. त्यावर पूर्ण मॉडेल कोड, इंजिनाचा प्रकार आणि सीसी, फ्रेम नंबर, रंग, आतल्या सजावटीचा कोड, गिअरबॉक्स आणि अॅक्सल हे सगळं लिहिलेलं असतं. गाडीचं जन्मवर्णन खऱ्या अर्थाने इथे असतं. या गाडीची मात्र इंजिन खोली कधीतरी नव्याने रंगवली होती, आणि पट्टीवरही तोच करडा रंग चढलेला. खालच्या दोन ओळी पुसटशा कळत होत्या, वरचं काही नाही.

विक्रेता मदतीच्या भावनेने तारेचा ब्रश घेऊन आला. “एका मिनिटात साफ करतो.”

आम्ही त्याला थांबवलं, आणि त्या दिवसाचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो. ती पट्टी पातळ असते आणि तिच्यावरचा ठसा फार खोल नसतो. ब्रशने रंगाबरोबर अक्षरंही गेली असती, आणि पुढे कुठल्याही तपासनीसाला ती खरवडलेली पट्टी छेडछाडच वाटली असती. रिव्हेट काढून पट्टी बाकावर घ्यायची सूचनाही मी नाकारली. एकदा सुटलेली पट्टी कोणत्या गाडीची, हे पुन्हा सिद्ध करता येत नाही. आम्ही टॉर्च अगदी आडवा धरून वेगवेगळ्या कोनांतून पंचवीस-तीस फोटो काढले. रंगाच्या थराखालचे उंचवटे सावलीत उठून आले. संगणकावर मोठे करून पाहिल्यावर रेघेपुढची पाच अक्षरं लागली: ए, एल, एम, क्यू, एफ.

टोयोटाच्या त्या काळातल्या कोडमध्ये तिसरं अक्षर गिअरबॉक्स सांगतं. एम म्हणजे पाच गिअरचा मॅन्युअल, एफ म्हणजे सहा गिअरचा, पी म्हणजे चार गिअरचा ऑटोमॅटिक. शेवटचं अक्षर इंजिनाचं. सुप्रावर टर्बोसाठी झेड, बिनटर्बोसाठी एफ. एक ‘एफ’ दोन जागी दोन अर्थांनी येतो, आणि नवशिके इथे हमखास अडखळतात. सहा गिअरच्या मूळ आरझेडचा कोड ए-एल-एफ-व्ही-झेड असा असतो. आमच्यासमोर ए-एल-एम-क्यू-एफ होता. पाच गिअरची, बिनटर्बो एसझेड.

खरेदीदार काही वेळ बोललाच नाही.

एका अस्पष्ट फोटोवर एवढा मोठा निष्कर्ष ठेवायला मी तयार नव्हतो. क्यू आणि ओ, एफ आणि पी रंगाखाली सहज फसवतात. म्हणून दुसरा, स्वतंत्र पुरावा हवा होता. विक्रेत्याकडे जुन्या कागदांची एक फाईल होती, ती त्याने कधी उघडलीच नव्हती. तिच्यात जपानचा निर्यात-नोंदणीरद्द दाखला सापडला, मूळ जपानीत. त्यात पहिल्या नोंदणीचं वर्ष हेसेई ६, म्हणजे १९९४. इथे एक सावधगिरी: ही पहिल्या नोंदणीची तारीख असते, गाडी कारखान्यातून निघाली ती तारीख नव्हे. दोन्हींत काही महिन्यांचं अंतर असू शकतं.

मॉडेलच्या रकान्यात ‘ई-जेझेडए८०’ होतं. त्यातलं ‘ई’ हे त्या काळच्या धूर-नियमांचं चिन्ह. इंजिनाच्या रकान्यात नुसतं ‘२जेझेड’, जीई की जीटीई हे नाही. विक्रेत्याला त्यात आशा दिसली. पण जपानी कागदात इंजिनाचा प्रकार एवढाच थोडक्यात लिहितात, आणि इंजिनाचा स्वतःचा अनुक्रमांक तर लिहीतच नाहीत. म्हणून जपानी गाडीबाबत ‘फ्रेम आणि इंजिन नंबर मूळ जोडीचे’ असा दावा कुणी केला तर तो नोंदणीच्या कागदावरून सिद्ध होत नाही. हे वाक्य जाहिरातीत सर्रास दिसतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

मॉडेलपुढे ‘काई’ हे चिन्ह नव्हतं. नियमांनुसार मंजूर करून घेतलेला मोठा फेरबदल असेल तर जपानी नोंदणीत मॉडेलच्या शेवटी ते चिन्ह लागतं. ते नसणं म्हणजे तसा बदल नोंदला गेला नाही, एवढंच. इंजिन जपान सोडण्याआधी बदललं की नंतर, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

उत्तर दिलं ते दोन छोट्या रकान्यांनी, जे सहसा कुणी वाचत नाही: प्रकार-मंजुरीचा पाच आकडी क्रमांक आणि वर्गवारीचा चार आकडी क्रमांक. या दोन आकड्यांची जोडी थेट आवृत्तीपर्यंत पोचवते. सुटे भाग मागवणारे जपानी विक्रेते याच जोडीवर काम करतात. त्यातल्या एकाकडे आम्ही आकडे पाठवले. उत्तर आलं: एसझेड, पाच गिअर.

पट्टी आणि कागद, दोघांची साक्ष एक झाली.

मग गाडीत बसलेलं इंजिन कोणाचं? बॉनेटखाली खरोखरच २जेझेड-जीटीई होतं, दोन टर्बोंसकट. आणि त्याच्या इनटेक कॅमच्या बाजूला, पुढच्या टोकाशी, व्हीव्हीटी-आयची, म्हणजे झडपा उघडण्याची वेळ बदलणारी, यंत्रणा होती. ती या इंजिनावर १९९७ मध्ये आली. १९९४च्या गाडीत ते इंजिन जन्मापासून असणं शक्यच नाही. तेच इंजिन टोयोटाच्या अॅरिस्टो या सेडानमध्येही होतं, आणि अशा अदलाबदलीत बरेचदा अॅरिस्टोचंच इंजिन वापरलं जातं. गिअरबॉक्स पाच गिअरचा आर१५४ निघाला, जुन्या टर्बो सुप्रात आणि टोयोटाच्या इतर टर्बो गाड्यांत असायचा तो. एसझेडचा मूळ डब्ल्यू५८ टर्बोच्या जोरापुढे फार टिकत नाही. बदल करणाऱ्याला ते ठाऊक असावं. काम नेटकं होतं, वायरिंगसुद्धा. गाडी चालवून परत आल्यावर खरेदीदाराच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदा हसू दिसलं.

निर्णय

घरी परतल्यावर मी त्याला एकच प्रश्न विचारला: तुला आरझेड हवी आहे, की ही गाडी? त्याने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “ही गाडी. पण तिच्या खऱ्या नावाने.”

आम्ही विक्रेत्यासमोर सगळे फोटो आणि कागद ठेवले. त्याचा चेहरा उतरला. त्याने स्वतः आरझेडचे पैसे मोजले होते, आणि त्याला विकणारा माणूस आता सापडत नव्हता. त्याने आमच्याशी वाद घातला नाही. जाहिरात बदलली, वर्णन ‘१९९४ एसझेड, नंतर बसवलेलं २जेझेड-जीटीई’ असं केलं आणि नवी किंमत सांगितली. ती दोघांना मान्य झाली.

विक्रीच्या करारात आम्ही तीन नंबर वेगवेगळ्या ओळींवर लिहिले: फ्रेम नंबर, ७ए८चा नंबर, इंजिनाचा नंबर. प्रत्येकापुढे तो गाडीवर कुठे आहे आणि कोणत्या कागदावर आहे, हेही. नोंदणीच्या कागदावर फ्रेम नंबर मुळात नव्हताच. तो ‘मूळ उत्पादकाचा नंबर’ म्हणून चढवून घ्यायला आणि इंजिन-बदलाची तपासणी करून घ्यायला पुढचे चार महिने गेले. विमा त्यानंतरच उतरवला, बदल जाहीर करून. हप्ता जास्त बसला. तो देताना त्याने कुरकुर केली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट मला अजून टोचते. जाहिरातीच्या फोटोंमध्येच अर्धं उत्तर होतं. बॉनेट उघडलेल्या फोटोत व्हीव्हीटी-आयचा उठाव दिसत होता, आणि गिअरच्या मुठीवर पाच गिअरचा नकाशा. जपानी बाजारातली मॅन्युअल आरझेड सहा गिअरचीच होती. वर्ष, इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जुळणी फोटोवरून केली असती तर पहिल्याच दिवशी ‘मूळ नाही’ एवढं तरी ठामपणे सांगता आलं असतं. मी नंबरात इतका गुंतलो की लोखंडाकडे पाहायचं राहिलं.

दुसरी, रात्रीचा तो सल्ला. डीकोडरचा निकाल ऐकताच मी ‘सोडून दे’ म्हणालो. त्याने ऐकलं असतं तर एक चांगली गाडी त्याच्या हातून गेली असती आणि एका सरळ माणसावर चोरीचा शिक्का बसला असता. आता असा फोन आला की मी आधी नंबराची पहिली तीन अक्षरं विचारतो आणि गाडी कोणत्या बाजारासाठी बनली ते विचारतो. ही दोन उत्तरं मिळेपर्यंत मत देत नाही.

तिसरी, क्रम. आम्ही आधी डीकोडर, मग अहवाल, मग फ्रेम नंबर, मग पट्टी आणि सगळ्यात शेवटी जपानी दाखला अशा ओळीने गेलो. ओळ बरोबर उलटी हवी होती. दाखल्याचा फोटो पहिल्याच दिवशी मागितला असता तर गाडीपर्यंत जाण्याआधीच एसझेड हे कळलं असतं, आणि अहवालाचे पैसेही वाचले असते. दाखला नसेल तर पट्टी, तीही नसेल तर ठोकलेला नंबर. डीकोडर या रांगेत सगळ्यात मागे, आणि तोही गाडी ज्या बाजारासाठी बनली त्याच बाजाराचा.

एका बाबतीत मात्र मी आजही द्विधा आहे. पट्टीवरचा रंग काढायचा की तसाच ठेवायचा? काढला तर गाडीचं जन्मवर्णन कुणालाही वाचता येईल. पण काढताना एक जरी अक्षर गेलं तर कायमचं गेलं. खरेदीदाराला मी न काढण्याचा सल्ला दिला आणि फोटो जपून ठेवायला सांगितले. माझ्याच ओळखीतला या कामातला एक जाणकार याच्या अगदी उलट सांगतो. त्याच्या मते सौम्य रंगनाशकाने, कापसाच्या बोळ्याने, तासभर देऊन हे काम निर्धोक होतं. तो चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही.

आज

गाडी त्याच्याकडे आहे आणि नियमित चालते. तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर त्याने स्वतःच्या हाताने एक तक्ता केला आहे: कुठला नंबर, कोणी दिला, कधी दिला, गाडीवर कुठे आहे. फ्रेम नंबरापुढे टोयोटा आणि १९९४. ७ए८पुढे न्यूझीलंड. इंजिनाच्या नंबरापुढे ‘१९९७ किंवा नंतरचं’ एवढंच. ते कुठल्या गाडीतून निघालं हे आम्ही बरंच शोधलं, पण ती गाडी सापडली नाही. तो रकाना त्याने पेन्सिलने लिहून ठेवला आहे.